वॉल्टची चौथी गोळी

वॉल्ट खोक्यांना टेप लावत होता.

शिपिंगच्या टेबलापाशी उभा राहून, तोंडात पेन्सिल धरून. टेप ओढायची, फाडायची, तळहाताने दाबायची, पुढचं खोकं घ्यायचं. मी दारातच थबकलो. आधी वाटलं, कुणीतरी रजेवर असेल आणि हा मदत करत असेल. पण त्याच्या अंगात शिपिंगवाल्यांचा निळा एप्रन होता आणि एप्रनवर त्याच्या नावाची पट्टी शिवलेली होती. मदतीला आलेल्या माणसासाठी कोणी नावाची पट्टी शिवून घेत नाही.

"वॉल्ट, तुम्ही इथे कसे?"

त्याने पेन्सिल तोंडातून काढली. "तुझा रिपोर्ट," तो म्हणाला आणि पुढचं खोकं ओढलं.

रिपोर्ट माझा होता, हे खरं होतं. पण त्या रिपोर्टात वॉल्टला टेप लावायला बसवा असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

हे २००५ सालचं, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं. मी तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहायचो, अजूनही तिथेच आहे. आमच्या ओळखीतली सगळी मराठी मंडळी आयटीत, नाहीतर फार्मात. कारखान्यात जाणारा मी एकटाच. मूळचा नागपूरचा, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर, पेशाने क्वालिटीवाला. आमची कंपनी कार्बन फायबरच्या वस्तू बनवायची. कार्बनच्या बारीक धाग्यांचं कापड असतं. ते रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवून साच्यात थरावर थर लावायचे आणि भट्टीत भाजायचं. वस्तू तयार होते ती लोखंडासारखी दणकट आणि वजनाला काहीच नाही. सायकलींच्या फ्रेम, कृत्रिम पायांचे भाग, आणि दोन वर्षांपासून रायफलींचे स्टॉक.

स्टॉक म्हणजे दस्ता. रायफलीची लोखंडी नळी आणि यंत्रणा ज्याच्यावर बसवलेली असते, जो खांद्याला टेकतो आणि पुढे डाव्या हातात येतो, तो सगळा भाग. डाव्या हाताखाली येणाऱ्या पुढच्या टोकाला फोरएंड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण माझी फजिती तिथेच झाली.

गणपतीच्या कार्यक्रमात कुणी नवीन माणसाने "तुम्ही काय करता?" विचारलं आणि मी सांगितलं की समोरच्याच्या हातातला मोदक तिथेच थांबायचा. "बंदुका? म्हणजे खऱ्या?" मग मंजिरी, माझी बायको, पुढे होऊन सांगायची, "बंदूक नाही हो, फक्त दांडा. याने आयुष्यात डासापलीकडे काही मारलेलं नाही."

ते खरंच होतं. आणि त्याला कायदेशीर आधारही होता. मी व्हिसावर होतो, ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीमार्फत सुरू होता. कंपनीच्या वकिलाने मला समोर बसवून बजावलं होतं, "कार्ड हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नकोस. चाप तर सोडच, नुसती उचलूसुद्धा नकोस." तो जरा जास्तच जपून होता हे मला पुढे कळलं. पण मला तो सल्ला फार आवडला. मला तसाही त्या वस्तूला हात लावायचा नव्हता. सुटा स्टॉक मी हजारदा हाताळला होता. नळी बसवलेली पूर्ण रायफल एकदाही नाही.

आमचा क्लायंट होता गॅरी. राज्याच्या पश्चिमेला, डोंगरात, कॅरीहून चार-साडेचार तासांच्या ड्राइव्हवर त्याचा छोटा कारखाना होता. चाळीसेक माणसं, शिकारीच्या रायफली. त्या वर्षी त्याने एक अगदी हलकी रायफल काढली होती, पाच पौंडांच्या आतली. म्हणजे सव्वादोन किलो. एल्क नावाचं मोठं हरीण मारायला लोक कोलोरॅडो-मोंटानाच्या पहाडांत दिवसच्या दिवस चढतात, तेव्हा खांद्यावरचा प्रत्येक तोळा जाणवतो म्हणे. ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायच्या आधी रायफल माणसाच्या हातात पडली पाहिजे. नंतर पडली तर ती पुढच्या वर्षीची.

वॉल्ट हा गॅरीचा टेस्ट शूटर. वय अडुसष्ट, त्या एकाच बाकावर एकतीस वर्षं. गॅरीच्या वडिलांनी त्याला घेतलं होतं. कारखान्यातून निघणारी प्रत्येक रायफल वॉल्ट हाताने झाडून बघायचा. शंभर यार्डांवर, म्हणजे साधारण साडेचार क्रिकेटची पिचं एकापुढे एक टाकली तर होईल तेवढ्या अंतरावर, कागदाचं टार्गेट. त्यावर तीन गोळ्या. तिन्ही भोकं एका सुपारीखाली झाकली गेली पाहिजेत. याला ग्रुप म्हणतात. ग्रुप जमला की वॉल्ट त्या कागदावर सही करायचा आणि तो कागद रायफलीबरोबर गिऱ्हाइकाला जायचा. लोक ते कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात हे ऐकून मी तेव्हा हसलो होतो.

ऑगस्टमध्ये गॅरीचा फोन आला. माझी बॉस कॅरन आणि मी, दोघंही स्पीकरवर.

"वॉल्ट म्हणतो, नवीन रायफल चौथी गोळी वर टाकते," गॅरी म्हणाला. "सगळ्या नाही, नेहमी नाही. पण टाकते. आता मला सांगा, दोष तुमच्या स्टॉकचा, माझ्या नळीचा, की माझ्या वॉल्टचा? वसंतात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

"चौथी कुठून आली? टेस्ट तीन गोळ्यांची आहे ना?" मी विचारलं.

"ती त्याची स्वतःची आहे. प्रोसीजरमध्ये नाही."

क्वालिटीवाल्या माणसासमोर "प्रोसीजरमध्ये नाही" म्हटलं की त्याचे कान टवकारतात. माझे टवकारले.

मी गेलो, वॉल्टच्या मागे खुर्ची टाकून बसलो. त्याने रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवली, पिशवी मधोमध, यंत्रणेच्या जरा पुढे. तीन गोळ्या झाडल्या. सुंदर ग्रुप. मग त्याने बाकाखालून एक जुनी, मळकी पाठीवरची सॅक काढली, तिची गुंडाळी केली, फोरएंडच्या अगदी टोकाखाली सारली, अंग पुढे टाकलं आणि चौथी गोळी झाडली. ती बाकीच्या तिन्हींच्या साडेतीन इंच वर गेली. त्याने पेन्सिलीने त्या भोकाशेजारी एम लिहिलं.

"एम म्हणजे?"

"माउंटन."

"आणि ही सॅक कशाला?"

"डोंगरात टेबल नसतं," वॉल्ट म्हणाला.

मी हसलो, मान डोलावली आणि वहीत लिहिलं: सॅक, प्रमाणित नाही. त्याच्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही असं नाही. मी तो अर्थ म्हणून ऐकलाच नाही. म्हाताऱ्याची सवय, एवढंच मनात आलं. आणखी एक गोष्ट मी पाहिली: गोळी झाडताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. तेही वहीत लिहिलं.

परत येऊन मी दोन आठवड्यांत एक फिक्श्चर तयार केलं. फिक्श्चर म्हणजे वस्तू पक्की धरून ठेवणारी चौकट. जाडजूड पोलादी पाया, त्यावर रूळ, रुळावर दोन जबडे. जबडे रायफलीला मधोमध पकडायचे, नळी जिथे यंत्रणेत आवळलेली असते तिथे. चाप ओढायला एक वायर, तिचं बटण दहा फुटांवर. गॅरीचा माणूस रायफल चढवायचा, मी बटण दाबायचो. श्वास नाही, नाडी नाही, डोळ्यातलं पाणी नाही. मला त्या यंत्राचा इतका अभिमान वाटला की मी त्याचे फोटो मंजिरीला दाखवले. "छान आहे," ती म्हणाली, "पण अरे, हे धरलंय कुठे? कंबरेत धरल्यासारखं वाटतंय." मी तिला इंजिनियरिंग समजावून सांगितलं.

दहा रायफली, प्रत्येकी पाच गोळ्या. पन्नासच्या पन्नास जिथे जायला हव्यात तिथेच गेल्या. चौथी गोळी काय आणि पाचवी काय, सगळ्या सुपारीखाली. मी दोन पानांचा रिपोर्ट लिहिला. शेवटचा परिच्छेद मला अजून पाठ आहे. रायफल आणि स्टॉक दोन्ही निर्दोष. चौथ्या गोळीतला फरक शूटरमुळे. प्रमाणित नसलेली चौथी गोळी बंद करावी. खाली माझी सही.

कॅरन खूश झाली. आपला स्टॉक सुटला. मीही खूश झालो आणि मंजिरीला जेवायला बाहेर घेऊन गेलो.

आणि आता, तीन आठवड्यांनी, त्या फिक्श्चरची किरकोळ देखभाल करायला गॅरीच्या कारखान्यात आलो होतो आणि वॉल्ट माझ्यासमोर खोक्यांना टेप लावत होता.

मी तडक गॅरीच्या केबिनमध्ये गेलो.

"त्याला काढलं नाहीये," मी काही बोलायच्या आत गॅरी म्हणाला. "मी राक्षस नाही. पगार तोच आहे. पण तुझा रिपोर्ट हातात आला आणि माझं काम सोपं झालं. एकतीस वर्षांच्या माणसाला 'तुझी नजर गेली' हे मी कसं सांगणार होतो? मी तो परिच्छेद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मग मला स्वतःचं काही बोलावं लागलं नाही."

"सगळ्यांसमोर?"

"मंडे मीटिंगला. वॉल्ट पहिल्या रांगेत होता."

मी एका यंत्राबद्दल लिहिलं होतं, एका आकड्याबद्दल लिहिलं होतं. तो आकडा एका माणसाच्या तोंडावर, चाळीस जणांसमोर, मोठ्याने वाचला जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कारखान्यात पंधरा वर्षं काढून डोक्यात आलं नव्हतं, ही आणखी लाजेची गोष्ट.

जेवणाच्या सुट्टीत मी वॉल्टकडे गेलो. माफी मागायची होती, पण कशाची हे मला अजून पुरतं कळलं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "मी तुमच्याबद्दल लिहिलं नव्हतं. मी डेटा लिहिला होता."

वॉल्टने सँडविचचा कागद नीट घडी करून खिशात घातला. "तू ती रायफल कधी हातात धरलीयेस?"

"नाही. माझ्या वकिलाने..."

"चल."

टेस्टची खोली म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट शेड. बाकाच्या जागी आता माझं फिक्श्चर होतं. वॉल्टने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने रॅकमधून एक नवीन रायफल काढली, बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, बाहेर काढून ठेवला आणि आत गोळी नाही हे मला दोनदा दाखवलं. मग कोपऱ्यातल्या जुन्या टेबलावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर रायफल ठेवली. पिशवी मधोमध. खिशातून एक डॉलरची नोट काढली, नळी आणि फोरएंड यांच्या मधल्या फटीत घातली, दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि नळीच्या खालून सरसर मागेपुढे ओढली. नोट कुठेही अडली नाही.

हे मला माहीत होतं. नळी पुढे कशालाही चिकटता कामा नये. गोळी सुटताना ती थरथरते आणि ती थरथर दर वेळी सारखीच व्हावी लागते. म्हणून नळी आणि स्टॉकच्या मध्ये नोटेएवढी तरी फट ठेवतात. ती फट माझ्याच ड्रॉइंगमध्ये होती.

"आता," वॉल्ट म्हणाला. त्याने पिशवी काढली, ती मळकी सॅक गुंडाळून फोरएंडच्या टोकाखाली सारली. "बस. खांद्याला लाव. झाडणार असल्यासारखं अंग पुढे टाक. तू डोंगर चढून आलायस, दम लागलाय, समोर जनावर आहे आणि ते निघून जाईल."

मला वकील आठवला. बाजूला सारला आणि बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण रायफल खांद्याला लावली. गाल टेकवला. ती इतकी हलकी होती की स्थिर राहीना, आणि ती स्थिर करायला मी आपोआप तिच्यावर रेललो. सगळा भार त्या टोकावर गेला. हे मला कोणी शिकवलं नाही. दुसरं काही करताच येत नव्हतं.

वॉल्टने नोट ओढली. नोट आली नाही.

"ऊठ."

मी भार काढला. नोट सुळकन निघाली.

"परत रेल."

नोट अडकली. त्याने जरा जोर लावला तर कडेला फाटली. मी चार वेळा रेललो आणि चार वेळा उठलो. चारही वेळा तेच. शेडमध्ये पंखा होता, बाहेर डोंगरातली गार हवा होती, आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता. फोरएंड वाकत होता. केसाएवढा नाही, चांगला वाकत होता आणि नळीला खालून ढकलत होता. नळीला खालून धक्का बसला की गोळी वर जाते. शंभर यार्डांवर साडेतीन इंच. तीनशेवर जवळजवळ एक फूट.

आणि माझं यंत्र रायफलीला कंबरेत धरत होतं. फोरएंड हवेत. त्याला कोणी शिवतच नव्हतं. मी दोषाला आरामात खुर्ची देऊन बाजूला बसवलं होतं आणि मग पन्नास गोळ्या झाडून दोष नाही असं सिद्ध केलं होतं.

याहून वाईट अजून पुढेच होतं. फोरएंड वाकत का होता? गॅरीला जाहिरातीत "पाच पौंडांच्या आत" लिहायचं होतं, म्हणून जूनमध्ये आम्ही फोरएंडमधले कार्बनचे दोन थर कमी केले. तो बदल मी पास केला होता. स्टॉक मोडतो तो मागे, मुठीपाशी, म्हणून वाकवण्याची टेस्ट मी मुठीपाशी घेतली होती. पुढे डावा हात असतो, तो नुसता आधाराला, अशी माझी समजूत. ती मी कुठून आणली? सिनेमातून, दुसरं काय.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं आणि मान खाली गेली.

"सांगितलं होतं की," वॉल्ट म्हणाला. "गॅरीलाही सांगितलं. तीनदा. त्याने मला तुझा रिपोर्ट दाखवला."

"अशा किती गेल्या?"

त्याने एप्रनच्या खिशातून एक छोटी वही काढली. पानांवर पेन्सिलीने ओळीने नंबर, नावं, गावं, फोन. "साठ. तुझ्या यंत्राचा कागद घालून. मीच पॅक केल्यात, म्हणून लिहून ठेवलं. कोणी विचारेल तेव्हा लागेल."

तीन आठवडे हा माणूस, ज्याला चाळीस जणांसमोर आंधळा ठरवलं, तो खोक्यांना टेप लावता लावता यादी करत होता.

"गोळी पूर्ण चुकली तर काही नाही," तो म्हणाला. "माणूस शिव्या घालतो, घरी जातो. पण एक फूट वर म्हणजे पाठीच्या कडेला लागते. जनावर पडत नाही. जंगलात जातं आणि दोन दिवसांनी मरतं, कुठेतरी. मी ती चौथी गोळी त्याच्यासाठी झाडायचो."

मला वाटत होतं, त्या इमारतीत जनावरांची दया येणारा मी एकटाच असेन.

पार्किंग लॉटमध्ये जाऊन मी कॅरनला फोन लावला. सगळं सांगितलं.

"लिहायच्या आधी फोन केलास हे बरं केलंस," ती म्हणाली. "आता लिहू नकोस. आधी इथे ये, आपण बसून बोलू. पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात सीझन सुरू होतोय, कॅरन."

"शिरीष, त्या स्टॉकवर आपलं नाव आहे. ते थर काढायचा बदल तू पास केलायस. तुझं ग्रीन कार्ड आपण करतोय. मी धमकी देत नाहीये, मी फक्त आठवण करून देतेय."

"कळलं," मी म्हणालो. कळलं तर होतंच.

मग मंजिरीला लावला. ती ऑफिसात होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पहिला रिपोर्ट कोणाच्या नावाने गेला होता?"

"माझ्या."

"मग दुसरा कोणाच्या नावाने जाणार आहे?"

"अगं पण कार्ड अडकलं तर? नोकरी गेली तर लगेच गाशा गुंडाळायला लागेल, यार. घर, शाळा..."

"मला माहितीये काय काय आहे ते," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण ती शूर वगैरे काही नव्हती. "पण तू आज लिहिलं नाहीस ना, तर मी तुझ्याशी भांडणार नाही. तूच घरभर फिरत राहशील."

मी गॅरीच्या केबिनमध्ये गेलो, त्याला शेडमध्ये आणलं, टेबलाशी बसवलं आणि वॉल्टने त्याच्यासमोर ती फाटकी नोट पुन्हा ओढली. गॅरी जन्मापासून रायफली बघत आलेला माणूस. त्याला एकदाच पुरलं.

"वॉल्ट," तो म्हणाला, "मी..."

"साठ फोन करायचे आहेत," वॉल्ट म्हणाला आणि वही पुढे केली.

गॅरीच्याच कॉम्प्युटरवर बसून मी दुसरा रिपोर्ट लिहिला. एक पान. पहिला रिपोर्ट चुकीचा होता. फिक्श्चरने फोरएंडवर भार येऊ दिला नाही. दोष स्टॉकचा, आणि स्टॉकमधला तो बदल मी मंजूर केला होता. चौथ्या गोळीतला फरक शूटरमुळे नव्हता, शूटरने तो पकडला होता. सही केली. गॅरीला दिला, कॅरनला ईमेल केला.

ग्रीन कार्डचं आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव तिथेच अडकेल. कॅरन आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी तिने मला दोन थर परत घालायचं नवीन ड्रॉइंग मागितलं आणि अर्जाचं काम सुरूच ठेवलं. ती वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. कार्ड यथावकाश आलं. रायफलीचं वजन दीड औंसाने, म्हणजे चाळीसेक ग्रॅमने वाढलं आणि जाहिरातीतून "पाच पौंडांच्या आत" गेलं.

साठपैकी एकोणपन्नास जण फोनवर सापडले. त्यांनी रायफली परत पाठवल्या, काही जणांनी अर्वाच्य बोलून. अकरा जण सापडले नाहीत, ते आधीच पहाडांत चढले होते. त्यांच्यातल्या एकाचा निरोप नोव्हेंबरात आला. ओहायोचा माणूस. दगडावर सॅक ठेवून नेम धरला होता, एल्क मादीला गोळी लागली, ती पळाली. दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे चालला, मग बर्फ पडलं. मिळाली नाही. त्याने पैसे परत मागितले नाहीत, वकिलाचं नाव काढलं नाही. फक्त एवढंच विचारलं होतं की चूक त्याची होती का. गॅरीने ती चिठ्ठी मला फॅक्स केली. मी ती डेस्कवर ठेवली आणि त्या दिवशी जेवलो नाही.

वॉल्टला गॅरीने त्याच दुपारी बाकावर परत बोलावलं. वॉल्टने आधी हातातल्या खोक्याला टेप पूर्ण लावली, एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि मग गेला. पुढच्या मंडे मीटिंगला गॅरीने माझा दुसरा रिपोर्टही मोठ्याने वाचला, पहिल्याइतकाच पूर्ण. चौथी गोळी प्रोसीजरमध्ये आली. माझं फिक्श्चर मी बदललं, आता ते रायफलीला फोरएंडच्या टोकावर भार देऊनही धरतं.

पण एक गोष्ट मला बदलता आली नाही. डिसेंबरात मी गॅरीच्या एचआरमधल्या बाईंना विचारलं, वॉल्टच्या फाइलमधून माझा पहिला रिपोर्ट काढून टाकता येईल का? त्या म्हणाल्या, फाइलमधून कागद काढता येत नाही, मागे दुसरा जोडता येतो. दुसरा त्यांनी जोडलेलाच होता. वॉल्टच्या एकतीस वर्षांच्या फाइलमध्ये त्याच्याविरुद्ध लिहिलेला एकच कागद आहे आणि तो मी लिहिलाय.

मी हे वॉल्टला जाऊन सांगितलं. त्याच्यासाठी दुसऱ्या रिपोर्टची स्वच्छ प्रत काढून नेली होती, चांगल्या कागदावर. त्याने ती वाचली नाही, परत माझ्या हातात दिली.

"हे तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "मला हे तू लिहायच्या आधीपासून माहीत होतं."

त्यानंतर मी अजून पंधरा वर्षं क्वालिटीत काढली. "चूक माणसाची" असं लिहायची वेळ पुष्कळदा आली. दर वेळी आधी त्या माणसाच्या जागी जाऊन बसलो, त्याचं काम माझ्या हाताने एकदा केलं आणि मगच पेन उचललं. बहुतेक वेळा ते वाक्य लिहावंच लागलं नाही.